डाळिंब सालीचा अर्क: एमटीटीत १३० टक्के, एल्मनमध्ये दर आठवड्याला वेगळा आकडा. चूक कुठे?

प्रश्न · सालदाणे

डाळिंबाच्या सालीचा अर्क चेतापेशींना ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून वाचवतो का, हे तपासायचं आहे. पद्धत आधी देते, म्हणजे नेमकं बोट ठेवता येईल.

साल सावलीत वाळवून दळली. ७० टक्के इथेनॉल, १ ग्रॅमला १० मिलि, शेकरवर २४ तास. गाळून रोटरीवर (निर्वातात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ५० अंशांना आटवलं, उरलेलं फ्रीज ड्राय केलं. पावडर पाण्यात विरघळवून १० मिग्रॅ/मिलिचा स्टॉक ४ अंशांना फ्रिजमध्ये ठेवला आहे. दोनेक आठवड्यांत तळाशी पिवळट करडा गाळ बसतो, वरचं स्वच्छ द्रावण वापरते.

पेशी एसएच-एसवाय५वाय (चेतापेशींच्या जागी वापरली जाणारी पेशींची ओळ), वेलमागे (प्लेटच्या खळग्यामागे) १०,०००, डीएमईएम हा पोषक मीडिया आणि १० टक्के सीरम. अर्क १० ते २०० मायक्रोग्रॅम/मिलि, २४ तास. त्याच मीडियात २०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून आणखी ४ तास, मग थेट एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी).

निकाल असे: १०० मायक्रोग्रॅमला पेरॉक्साइड असूनही जिवंत पेशी कंट्रोलच्या १३० टक्के दिसतात. एल्मन पद्धतीत (विकराचं काम पिवळ्या रंगावरून मोजणारी) अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे चेतासंदेशवाहक फोडणारं विकर दबतं, पण आयसी५० (विकर निम्मं दाबणारी मात्रा) दर आठवड्याला सरकतो. थायोफ्लेविन-टी चाचणीत (तंतूंना चिकटून चमकणारं रंगद्रव्य) तर २५ मायक्रोग्रॅमलाच अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनतंतूंचा, सिग्नल जवळजवळ शून्य. एवढं चांगलं दिसतंय म्हणूनच शंका येते. कुठून तपासायला सुरुवात करावी?

---

उत्तर १ · द्रावक

शंका रास्त आहे. मी फक्त अर्काबद्दल लिहितो, कारण आयसी५० सरकण्याचं मूळ बहुतेक तुमच्या त्या फ्रिजमधल्या बाटलीत आहे.

सालीतला मुख्य घटक प्युनिकॅलॅजिन, रेणुभार सुमारे १०८५. पाण्यात तो टिकत नाही. पीएच उदासीनकडे सरकला किंवा ऊब मिळाली की फुटतो आणि एलॅजिक आम्ल सुटं होतं. हे आम्ल पाण्यात मिलिला जेमतेम १० मायक्रोग्रॅम विरघळतं, म्हणून खाली बसतं. तुमचा पिवळट करडा गाळ बहुधा तोच. गाळ सोडून वरचं द्रावण घेता तेव्हा दर आठवड्याला तुम्ही वेगळाच अर्क मोजत असता, लेबल मात्र तेच राहतं.

उपाय सोपा आहे. कोरडी पावडर डीएमएसओ या द्रावकात १०० मिग्रॅ/मिलि करा, २० मायक्रोलिटरचे एकवेळचे भाग पाडा, गडद नळ्यांत उणे ८० ला ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. या स्टॉकमधून १०० मायक्रोग्रॅम/मिलि केलं की डीएमएसओ बरोबर ०.१ टक्का येतं. प्रत्येक वेलमध्ये, कंट्रोलमध्येही, डीएमएसओ तेवढंच हवं. पाण्यातलं विरलीकरण त्या दिवशीचं त्याच दिवशी.

वाळवण्याबद्दल: सावलीत साल दोन-तीन दिवस ओलसर राहते आणि तेवढ्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर आपलं काम करून घेतं. पातळ काप करून वारा फिरणाऱ्या ओव्हनमध्ये ४० अंशांना वाळवा. पावडर चाळून एकसारखी घ्या. २४ तास हलवत ठेवण्याची गरज नाही. तासाभराचे दोन काढे, दर वेळी ताजं द्रावक, एवढ्यात बहुतेक माल बाहेर येतो. रोटरीचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नका.

कुणी आम्लयुक्त मिथेनॉल सुचवेल. दाण्यांच्या लाल रंगासाठी, म्हणजे अँथोसायनिनसाठी, ते ठीक आहे. सालीतल्या टॅनिनसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घातक. आटवताना मिथेनॉल आधी उडतं, मागे आम्ल तीव्र होत जातं आणि तुम्ही नकळत जलअपघटन करून बसता. सौम्य आम्लता हवीच असेल तर फॉर्मिक आम्ल घ्या.

इथेनॉल उडाल्यावर जे पाणी उरतं त्यात साखर आणि सेंद्रिय आम्लं भरपूर असतात. वजन करताना तीही ‘अर्क’ म्हणून मोजली जातात, शिवाय फ्रीज ड्राय केल्यावर पावडर हवेतला ओलावा ओढून चिकट गोळा होते. ते पाणी एक्सएडी-१६ रेझिनवर घाला, रिफ्रॅक्टोमीटरवर शून्य ब्रिक्स येईपर्यंत साध्या पाण्याने धुवा, मग इथेनॉलने उतरवा. धुण्याच्या पाण्यातच तपकिरी रंग उतरू लागला तर रेझिनवर भार जास्त झाला, माल वाया चालला आहे असं समजा.

फोलिन-सिओकाल्टोच्या (एकूण फिनॉल मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यावर मात्रा ठरवू नका. तो अभिकर्मक जे काही इलेक्ट्रॉन देईल त्याच्याशी निळा होतो, क जीवनसत्त्व आणि क्षपणकारी शर्कराही त्यात आल्या. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ३७८ नॅनोमीटरला प्युनिकॅलॅजिन मोजा. तिथे दोन शिखरं दिसतील. दुसरं अशुद्धी समजून सोडू नका. ती अल्फा आणि बीटा रूपं आहेत, एकमेकांत बदलत राहतात, म्हणून बेरीज घ्यायची. ‘अर्काच्या ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम’ हा आकडा प्रत्येक खेपेच्या डबीवर लिहिलेला हवा.

एक राहिलंच. साल म्हणजे फवारणी थेट झेलणारा भाग. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचे अंश राहिले असतील तर तांबं पॉलिफिनॉलच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतं आणि पेशींवरचा परिणाम पार बदलतो. फळं धुऊन घ्याच, शिवाय एका खेपेचं धातूंचं विश्लेषण करून ठेवा.

---

उत्तर २ · पेशीवेळ

तुमच्या पेशींच्या भागात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. मला तर १३० टक्क्यांपेक्षा ‘त्याच मीडियात पेरॉक्साइड घातलं’ हे वाक्य जास्त खटकलं.

*एमटीटी.* हा पिवळा क्षार जांभळा होण्यासाठी पेशीच लागते असं नाही. गॅलिक आम्ल, प्युनिकॅलॅजिन, एलॅजिटॅनिनचे तुकडे त्याला स्वतःच क्षपित करतात. एक ओळ पेशींविना लावा: मीडिया, अर्क, ०.५ मिग्रॅ/मिलि एमटीटी, ३ तास, डीएमएसओ, ५७० नॅनोमीटर. या वेल जांभळ्या झाल्या तर तुमचे वरचे ३० टक्के कुठून आले ते कळलं. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पीबीएस या क्षार-बफरने दोनदा धुणं अनिवार्य आहे, तरीही टॅनिन पेशींच्या पटलाला आणि प्लास्टिकला थोडं चिकटून राहतंच.

मग एलडीएच (मेलेल्या पेशींतून सुटणारं विकर) वापरू म्हणाल, तर तिथे उलटा सापळा आहे. टॅनिन प्रथिनांना धरतात, एलडीएच हे विकर स्वतःच मंदावतं, सुटलेलं कमी दिसतं आणि वाटतं पेशी वाचल्या. तपासायचं असं: न हाताळलेल्या पेशी फोडा, त्या द्रवात अर्क घाला आणि एलडीएच मोजा. अर्काने आकडा पडला तर ती चाचणी या अर्कासाठी बाद. माझा कल सरळ मोजणीकडे आहे. हेख्स्ट ३३३४२ सगळ्या केंद्रकांसाठी, प्रोपिडियम आयोडाइड मेलेल्यांसाठी, वेलमागे चार क्षेत्रांची छायाचित्रं. वेळ जातो, पण पेशी डोळ्यांना दिसते.

*पेरॉक्साइड.* अर्क आणि पेरॉक्साइड एकाच वेळी मीडियात असतील तर दोघांची गाठ बाहेरच पडते, पेशीपर्यंत इजा पोहोचतच नाही. हे रसायनशास्त्र झालं, संरक्षण नव्हे. क्रम बदला: अर्क २४ तास, दोनदा धुणं, नवा साधा मीडिया, मग पेरॉक्साइड. यानंतरही फरक राहिला तर पेशीत काहीतरी बदललं आहे असं म्हणता येईल. मीडियातला पायरुव्हेटही पेरॉक्साइड खातो, तेव्हा इजा देताना पायरुव्हेटविरहित मीडिया घ्या. पेरॉक्साइडच्या बाटलीवरची तीव्रता खरी धरू नका, २४० नॅनोमीटरला मोजून घ्या.

*मीडियात तयार होणारं पेरॉक्साइड.* ही बाजू सहसा लक्षातच येत नाही. पॉलिफिनॉल डीएमईएममध्ये ३७ अंशांना आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि पेरॉक्साइड बनवतात. थोडं पेरॉक्साइड पेशीतला एनआरएफ२ हा संरक्षणाचा स्विच जागं करतं, पेशी एचओ-१ आणि एनक्यूओ१ ही संरक्षक विकरं बनवून सज्ज होते, आणि पुढची मोठी मात्रा सोसते. श्रेय मिळतं अर्काला, काम झालेलं असतं प्लेटमध्येच तयार झालेल्या पेरॉक्साइडचं. म्हणून एक गट अर्क अधिक कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं विकर), मिलिला १०० युनिट, आणि सोबत उकळून निकामी केलेल्या कॅटलेजचा गट. खऱ्या कॅटलेजने संरक्षण नाहीसं झालं तर अर्थ उघड आहे. जास्त मात्रेला अर्क एकटाच पेशी मारत असेल आणि कॅटलेजने त्या वाचत असतील तरी निष्कर्ष तोच.

पेशींबद्दल: एसएच-एसवाय५वाय ही न्यूरोब्लास्टोमातली वाढती ओळ आहे, चेतापेशी नव्हे. वाढ थांबवायची असेल तर १० मायक्रोमोलर रेटिनॉइक आम्ल, १ टक्का सीरम, ५ ते ७ दिवस, मीडिया दर ४८ तासांनी बदलून. रेटिनॉइक आम्ल प्रकाशात बिघडतं, हूडचा दिवा मंद ठेवा. सीरम कमी केल्यावर अर्काची मात्राही नव्याने ठरवावी लागेल. १० टक्के सीरममधली प्रथिनं बरंचसं टॅनिन बांधून ठेवतात. १ टक्क्यात तोच अर्क कितीतरी तिखट होतो आणि जी मात्रा सौम्य वाटत होती ती विषारी ठरते.

---

उत्तर ३ · चारशेबारा

एल्मन आणि थायोफ्लेविन माझ्याकडे घेतो.

एल्मन पद्धत १९६१ पासून चालत आली आहे. साध्या रेणूंना ती उत्तम आहे, रंगीत टॅनिनयुक्त अर्काला नाही. २०० मायक्रोलिटरची मांडणी अशी ठेवा: पीएच ८.० चा ०.१ मोलर फॉस्फेट बफर १४०, विकर २०, अर्क २०, २५ अंशांना १५ मिनिटं, मग ६ मिलिमोलर डीटीएनबी (थायॉलशी पिवळा होणारा अभिकर्मक) १० आणि १० मिलिमोलर अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड १०. ४१२ नॅनोमीटरला दर ३० सेकंदांनी ५ मिनिटं वाचा. उतार घ्या, शेवटचा आकडा नको. प्युनिकॅलॅजिनचं शिखर ३७८ ला आहे, त्याची शेपटी ४१२ पर्यंत येते. त्यात पीएच ८ ला अर्क वाचनाच्या दरम्यान आणखी तपकिरी होत जातो. विकराविना अर्काचा ब्लँक प्रत्येक मात्रेला स्वतंत्र हवा. अ‍ॅसिटिलथायोकोलिन दररोज ताजं, कारण ते आपोआपही फुटतं.

आता मुख्य घोटाळा. ऑक्सिडाइज झालेल्या फिनॉलचे क्विनोन थायॉल गटांना पकडतात. विकराने बनवलेलं थायोकोलिन डीटीएनबीला भेटण्याआधीच क्विनोनने गिळलं की पिवळा रंग कमी, आणि आपण लिहितो ‘विकर दबलं’. तपासायला विकर काढून टाका, त्याच्या जागी ५० मायक्रोमोलर सिस्टीन घाला, बाकी सगळं तसंच. अर्क असताना पिवळेपणा कमी आला तर विकराचा काही संबंध नाही.

दुसरी चाळणी टॅनिनची. अर्काच्या द्रावणात पीव्हीपीपी (टॅनिन शोषून घेणारी पावडर) मिलिला ५० मिलिग्रॅम, थंडीत १५ मिनिटं, सेंट्रिफ्यूज, वरचा भाग पुन्हा तपासा. परिणाम गायब झाला तर टॅनिन विकराला सरसकट धरत होतं. ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून आयसी५० उडाला, तर रेणूंचे पुंजके विकराला लपेटत होते असं समजायचं.

सोबत गॅलँटामिन, म्हणजे हेच विकर दाबणारं ओळखीचं औषध, ठेवाच. त्याचा रेणुभार २८७, तेव्हा १ मायक्रोमोलर म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम/मिलिच्या आसपास, आणि विकर त्याच पातळीला दबतं. अर्काला शेकडो मायक्रोग्रॅम लागत असतील तर त्याला अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचा रोधक म्हणणं ताणून धरल्यासारखं होईल.

थायोफ्लेविनला एकच प्रयोग पुरतो. १० मायक्रोमोलर अमायलॉइड बीटा ४२ चे तंतू अर्काविना पूर्ण होऊ द्या, सिग्नल सपाट झाला की अर्क टाका आणि मिनिटाभरात वाचा. तयार तंतू मिनिटात विरघळत नाहीत. सिग्नल तरीही कोसळला, तर अर्क ४४० चा प्रकाश शोषतोय किंवा रंगद्रव्याला जागेवरून हटवतोय. २५ मायक्रोग्रॅमलाच शून्य, यावरून मला हेच दिसतं. तंतू खरंच बनले नाहीत हे दाखवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं लागतील. आणि पेप्टाइड सुरुवातीला एचएफआयपी या द्रावकाने सुटं केलेलं नसेल तर तुम्ही तंतू बनण्याची नव्हे, वाढण्याचीच गती मोजत आहात.

---

सालदाणे

तिघांचे आभार. गाळाचं उत्तर मिळालं, सिस्टीनचा कंट्रोल उद्याच लावते. दोन गोष्टी अजून. या सगळ्यातून अर्क पास झालाच, तर ५० मायक्रोग्रॅम/मिलि ही मात्रा शरीराच्या दृष्टीने काही अर्थाची आहे का? आणि लेखाच्या निष्कर्षात ‘अल्झायमरपासून संरक्षण’ हा शब्दप्रयोग कितपत चालेल?

---

उत्तर ४ · रक्तमेंदू

पहिल्याचं उत्तर: नाही. ५० मायक्रोग्रॅम/मिलि शुद्ध प्युनिकॅलॅजिन धरलं तर ४६ मायक्रोमोलर होतं. एवढा मोठा, पाणीप्रेमी रेणू आतड्यातून सबंध शोषला जाण्याची आशा नाही, रक्त-मेंदू अडथळा ओलांडणं तर दूरच. आतड्यात तो एलॅजिक आम्लापर्यंत फुटतो, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातून युरोलिथिन बनवतात. रक्तात सापडतात ती युरोलिथिन, आणि तीही बहुतांशी ग्लुकुरोनाइडच्या रूपात, खाल्ल्यावर एक-दोन दिवसांनी.

यात माणसामाणसांत फरक आहे. संशोधक तीन गट पाडतात: ए गट मुख्यतः युरोलिथिन-ए बनवतो, बी गट आयसोयुरोलिथिन-ए आणि युरोलिथिन-बी सुद्धा, आणि शून्य गट यातलं काहीच नाही. म्हणजे तोच अर्क एकाला काहीतरी देईल आणि शेजारच्याला काहीच नाही. माणसांवरच्या चाचणीत हा गट मोजलेला नसेल तर निकाल धूसर येणारच.

पेशींना द्यायचं असेल तर अर्काबरोबर युरोलिथिन-ए आणि त्याचा ग्लुकुरोनाइड, १ मायक्रोमोलर आणि खाली, असे गट ठेवा. ते थेट चेतापेशींवर ओतण्याऐवजी एचसीएमईसी/डी३ (मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या) पेशींच्या थरातून ट्रान्सवेल या सच्छिद्र पडद्याच्या प्लेटमध्ये पार करून खालचा द्रव वापरा. हा थर खऱ्या अडथळ्याइतका घट्ट नसतो, म्हणून विद्युतरोध मोजा आणि सोबत ल्युसिफर यलो या रंगाची गळती नोंदवा.

दुसऱ्याचं उत्तर देताना मी थोडा कडक होतो, कारण हा शब्दप्रयोग वाचून घरातल्या आजाऱ्यासाठी अर्क शोधणारी माणसं असतात.

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना ८ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचे अर्क खाऊ घातले आणि स्मृती व हालचालीतली घट काही अंशी मागे फिरल्याचं दाखवलं. तिथून आशा वाढली. माणसांत आल्यावर चित्र विरळ होत गेलं. जिंकगोच्या पानांचा अर्क ३,०६९ ज्येष्ठांना दिवसाला २४० मिलिग्रॅम दिला, सरासरी सहा वर्षं पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया रोखला गेला नाही. २०१५ मध्ये द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलची ११९ अल्झायमर रुग्णांवरची ५२ आठवड्यांची चाचणी छापून आली. काही जैवचिन्हं बदलली, पण मेंदूचं आकारमान औषध घेणाऱ्यांतच जास्त घटलं. २०२२ च्या कॉसमॉस-माइंड चाचणीत तीन वर्षं रोज कोकोचा अर्क घेऊनही आकलनशक्तीत फरक पडला नाही. डाळिंबाच्या रसाची १२ महिन्यांची चाचणी २०२० मध्ये आली, ५० ते ७५ वयाचे २६१ लोक. दृश्य स्मृतीच्या एका कसोटीत रसाचा गट टिकून राहिला, बाकी बहुतेक कसोट्यांत फरक नव्हता. आणि ती माणसं डिमेन्शियाची नव्हती.

‘फळातलं आहे, अपाय तर नाही’ हेही लिहू नका. लक्ष्मणफळ, ज्याला सोरसॉप म्हणतात, त्यात अ‍ॅनोनासिन असतं. ते मायटोकाँड्रियाचं कॉम्प्लेक्स १, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या साखळीची पहिली कडी, रोखतं. ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या आजाराचा संबंध या फळाशी आणि त्याच्या पानांच्या चहाशी असावा, हे १९९९ मध्ये मांडलं गेलं आणि पुढे उंदरांत अ‍ॅनोनासिनने चेतापेशी मेल्याचं दिसलं. स्टार फ्रूटमधलं कॅरॅम्बॉक्सिन मूत्रपिंड निकामी झालेल्यांत उचक्या, गोंधळ, झटके आणू शकतं. तुमच्या संचात रोटेनोनची (तीच कडी रोखणाऱ्या विषाची) इजा वापरणार असाल तर अर्क एकटाच ऑक्सिजन वापर घटवतो का, हे आधी बघा.

लेखात असं लिहा: ‘अमुक इतकं प्युनिकॅलॅजिन असलेल्या अर्काने, धुऊन काढल्यानंतरही, एसएच-एसवाय५वाय पेशींतला पेरॉक्साइडजन्य मृत्यू इतका कमी झाला.’ याच्या पुढे एक शब्दही नको.

---

उत्तर ५ · पेशीवेळ

एकाच प्लेटमध्ये सुरुवात करायची तर मांडणी देतो. बाहेरच्या ३६ वेलमध्ये पीबीएस भरा. कडेच्या वेल आटतात आणि कडेचा परिणाम अर्काच्या नावावर जमा होतो. आत ६० उरतात, म्हणजे १० स्तंभ, प्रत्येकी ६ वेल:

१. फक्त मीडिया
२. डीएमएसओ
३. डीएमएसओ, मग पेरॉक्साइड
४. अर्क १०
५. अर्क १०, धुणं, पेरॉक्साइड
६. अर्क ५०
७. अर्क ५०, धुणं, पेरॉक्साइड
८. अर्क ५० अधिक कॅटलेज, धुणं, पेरॉक्साइड
९. फक्त कॅटलेज, धुणं, पेरॉक्साइड
१०. अर्क ५०, पेशी नाहीत

धुणं सगळ्या स्तंभांना सारखंच, १ आणि २ लाही, नाहीतर धुताना सुटलेल्या पेशींचा फरक अर्काच्या खात्यात जातो.

नववा स्तंभ जागा वाचवायला म्हणून वगळू नका. धुतल्यावरही कॅटलेज मागे राहिलं असेल तर ते तुमचं पेरॉक्साइड खाऊन टाकेल आणि आठवा स्तंभ ‘संरक्षण टिकलं’ असं खोटं सांगेल. नववा तिसऱ्याइतकाच मरायला हवा. तसं झालं नाही तर धुणी दोनाऐवजी तीन करा.

सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, नव्या नळीतल्या अर्काने किमान तीनदा करा आणि त्या तीन सरासऱ्यांवर सांख्यिकी लावा. पेरॉक्साइडची मात्रा तिसऱ्या स्तंभात निम्म्याच्या आसपास पेशी मरतील अशी आधी बांधून घ्या. ८० टक्के मरत असतील तर काहीच वाचताना दिसणार नाही, २० टक्केच मरत असतील तर फरक वेलच्या चढउतारात बुडून जाईल.